धूर जातो कुठे?

(संस्थेच्या वर्धापनदिनी भरलेल्या कामगार मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या कार्यकारी मंडळाने मला या मेळाव्यात दोन शब्द बोलण्याची संधी दिली, त्याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. मी बँकेत कारकून आहे. शिक्षण म्हणाल तर बी. ए., तेही मराठी आणि इतिहास घेऊन. तेव्हा मी रसायनावर बोलणार हे ऐकून काहींना हसू आले असेल. पण माणूस जिथे ठेचकाळतो तिथला रस्ता त्याला नीट बघावाच लागतो. माझेही तसेच झाले.

गोष्ट माझ्या भाच्याची आहे. आय. टी. आय. झालेला, चोवीस वर्षांचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी मी शब्द टाकला म्हणून तो एका वर्कशॉपमध्ये लागला. तिथे विजेच्या मीटरच्या पेट्या तयार होतात. पिठाच्या गोळ्यासारखा कच्चा माल पोलादी साच्यात घालतात आणि उष्णतेने व दाबाने त्याची पेटी काढतात. साच्याच्या कडेला या मालाचा थर चिकटून बसतो. पूर्वी तो खरवडून काढावा लागे. मग मालकाने कर्ज घेऊन लेसरने सफाई करणारे यंत्र आणले. त्या कर्जाचे कागद माझ्याच टेबलावरून गेले होते. कोटेशन तपासले, विम्याचा रकाना भरला, शिक्का मारला.

पुढे एकदा ताई माझ्याकडे आली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "अरे, पोरगं पिऊन येतंय. पाय अडखळतात, जेवत नाही, डोकं धरून बसतं. तू मामा आहेस, तूच विचार." मी विचारले. खरे सांगतो, विचारले नाही, रागावलो. तो मान खाली घालून एवढेच म्हणाला, "मामा, तुमची शपथ, मी थेंबही घेतलेला नाही. पण संध्याकाळी घेतल्यासारखं वाटतं खरं." त्याच्या शर्टाला दारूचा वास नव्हता. गोडसर, जळक्या थर्माकोलसारखा वास होता.

हा वास आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. त्यापूर्वी जयंतीच्या देखाव्यासाठी आपण रात्र रात्र जागून तापलेल्या तारेने थर्माकोल कापत होतो. तेव्हा जो धूर नाकात जाई, त्यात स्टायरीन असे. स्टायरीन हा रंगहीन, पाण्यासारखा दिसणारा द्रव आहे. थर्माकोल त्याच्यापासूनच बनतो. फायबरच्या बोटी, पत्रे, टाक्या ज्या रेझिनपासून बनतात त्यातही तो असतो आणि माझ्या भाच्याच्या त्या पिठाच्या गोळ्यातही तोच असतो.

आता लेसरची सफाई म्हणजे काय, तेही सांगतो. प्रकाशाचा अतिशय तीव्र झोत साच्यावर फिरवतात. चिकटलेला थर तो झोत शोषून घेतो, क्षणात तापतो आणि उडून जातो. खालच्या पोलादाला सहसा इजा होत नाही. वाळूचा मारा नको, तेजाब नको, साचा लख्ख होतो. म्हणून सगळे म्हणतात, यंत्र फार स्वच्छ आहे. पण बंधूंनो, थर उडून गेला म्हणजे नाहीसा झाला काय? तो हवेत गेला. घट्ट झालेला माल एकदम तापला की त्याच्या साखळ्या तुटतात आणि त्यातून स्टायरीनची वाफ पुन्हा सुटते. तिच्यासोबत कार्बन मोनॉक्साईड, इतर वायू आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक कणही येतात. जी घाण साच्यावर होती ती माणसाच्या छातीत गेली, एवढाच काय तो फरक.

ही वाफ अंगात गेली की काय होते? आधी डोळे आणि नाक चुरचुरते. नंतर डोके दुखते, मळमळते, थकवा येतो, झोक जातो आणि नशा केल्यासारखे वाटते. आमच्या ताईची चूक नव्हती. लक्षणेच तशी आहेत. वर्षानुवर्षे हे चालले तर रंग ओळखण्याची शक्ती कमी होते, हालचाल मंदावते आणि यंत्रांच्या गोंगाटाबरोबर स्टायरीनही असेल तर कानांचे नुकसान अधिक होते. शरीरात स्टायरीनचे स्टायरीन ऑक्साईड होते आणि ते पेशींना घातक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीनला 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातले.

आता थोडे आकडे सांगतो. हवेच्या दहा लाख भागांत एक भाग वाफ असेल तर त्याला एक पीपीएम म्हणतात. स्टायरीनचा वास एक पीपीएमपेक्षा कमी असतानाही नाकाला कळतो. आपल्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या परिशिष्टात आठ तासांच्या सरासरीसाठी ५० पीपीएमची मर्यादा घातली होती. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने आपली शिफारस अलीकडे १० पीपीएमवर आणली. ७०० पीपीएमला तर जिवाला तत्काळ धोका मानतात. म्हणजे नाक हा चांगला पहारेकरी आहे. पण हा पहारेकरी लवकर झोपी जातो. थोड्या वेळाने वास येईनासा होतो आणि माणसाला वाटते, हवा शुद्ध झाली. भाचा मला हेच म्हणाला होता, "पहिल्या आठवड्यात वास यायचा, आता येत नाही." मी त्यावर समाधान मानले. तो माझा अडाणीपणा होता.

याच स्टायरीनने काय केले ते आपण सर्वांनी दूरदर्शनवर पाहिले आहे. ७ मे २०२० रोजी पहाटे विशाखापट्टणम येथे एका पॉलिमर कारखान्याच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली आणि शेजारच्या आर. आर. वेंकटपुरम वस्तीत शिरली. टाळेबंदीमुळे कारखाना बंद होता. टाकीतला माल मात्र तसाच होता. स्टायरीन थंड ठेवावे लागते आणि त्यात ते घट्ट होऊ नये म्हणून प्रतिबंधक द्रव्य घालावे लागते. या दोन्हींत हयगय झाली की ते आपोआप घट्ट होऊ लागते, त्यातून उष्णता निघते, उष्णतेने आणखी वेग येतो आणि वाफ उसळते. बारा माणसे गेली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. धोक्याचा भोंगा वाजला नव्हता, असे सरकारच्या चौकशी समितीने नोंदवले.

त्या दिवशी देशाने स्टायरीन हे नाव ऐकले. पण माझ्या भाच्याच्या वर्कशॉपमध्ये एका रात्रीत बारा माणसे जाणार नाहीत. तिथे रोज थोडे थोडे जाते, म्हणून त्याची बातमी होत नाही आणि चौकशी समितीही बसत नाही.

मी त्या वर्कशॉपमध्ये गेलो. भिंतीवर, डोक्याच्याही वर, एक पंखा होता. यंत्राबरोबर आलेला धूर ओढण्याचा पाईप कोपऱ्यात गुंडाळून ठेवला होता, कारण त्याच्या गाळण्या महाग पडतात. मुलांच्या तोंडाला रुमाल होते. मालक वाईट माणूस नाही. त्याने मला चहा दिला आणि म्हणाला, "साहेब, वासाने कोणी मरत नाही." निघताना मी आतल्या बाजूला पाहिले. कच्च्या मालाच्या पिंपांशेजारी एक गोधडी पसरलेली होती. परप्रांतातून आलेला एक मुलगा रात्री तिथेच जमिनीवर झोपतो. स्टायरीनची वाफ हवेपेक्षा साडेतीन पटींहून जड असते. ती दाटली की खाली, खड्ड्यात, कोपऱ्यात साचते. माझा भाचा निदान रात्री घरी तरी येतो.

त्यानंतर मी जाणकारांना विचारत गेलो. त्यातून जे हाती आले ते माता-भगिनींनो, तुम्हीही ध्यानात ठेवा, कारण घरी येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा तुम्हीच पाहता.

पहिली गोष्ट, धूर जिथे निघतो तिथेच ओढला गेला पाहिजे. पाईपाचे तोंड कामाच्या जागेपासून वीतभर अंतरावर हवे आणि पुढे बारीक कणांची गाळणी व कोळशाची गाळणी, दोन्ही हव्यात. भिंतीवरचा पंखा धूर माणसाच्या तोंडावरून ओढून नेतो.

दुसरी गोष्ट, रुमाल आणि धुळीचा मास्क वाफेला अडवत नाहीत. सेंद्रिय वाफेसाठी सक्रिय कोळशाचे डबे लावलेला मास्क लागतो. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे आणि दाढीवर तो बसत नाही. डबे ठरल्या मुदतीत बदलावेत. वास येईपर्यंत थांबू नये.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. या यंत्रांतला लेसर बहुधा १०६४ नॅनोमीटरचा असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. चकचकीत साच्यावरून परतलेला किरणही कायमचे आंधळेपण देऊ शकतो. चष्म्यावर तोच आकडा छापलेला असला पाहिजे. वेल्डिंगची काच त्याला चालत नाही.

चौथी गोष्ट आगीची. सुमारे ३१ अंशांवर स्टायरीनच्या वाफेला ठिणगीने पेट घेता येतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक तापते. उघडे रेझिन किंवा पिंप जवळ असेल तर लेसर सुरूच करू नये.

पाचवी गोष्ट, डॉक्टरांना रसायनाचे नाव सांगावे. "डोके दुखते" म्हटले की गोळी मिळते. "स्टायरीनमध्ये काम करतो" म्हटले की पाळी संपल्यावर लघवीतील मँडेलिक ॲसिड तपासता येते आणि अंगात किती गेले ते कळते. कोणी आत बेशुद्ध पडला तर हवा खेळती केल्याशिवाय एकट्याने आत धावू नये. १०८ ला फोन करावा.

हे मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली फॅक्टरी ॲक्टमध्ये दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगाराला देणे मालकावर बंधनकारक झाले. कायद्याची पुस्तके बदलत राहतात, पण रसायनाच्या पिंपाबरोबर येणारे सुरक्षा माहितीपत्रक मागायला पुस्तकाची वाट बघावी लागत नाही.

भाच्याचे काय झाले, असे आपण विचाराल. मी तीनदा गेलो. चौथ्या खेपेस पाईप जोडलेला दिसला. गाळणी एकच होती, कोळशाची अजून यायची आहे. भाच्याला योग्य मास्क मी स्वतः घेऊन दिला. त्याचे डोके आता पूर्वीसारखे दुखत नाही. ताईने त्याची माफी मागितली, मीही मागितली. तो हसला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही निदान विचारलंत तरी." पण गोधडीवर झोपणारा तो मुलगा अजून तिथेच झोपतो. एवढ्या खेपा झाल्या तरी मी त्याचे नाव विचारले नव्हते. येत्या रविवारी आपल्या संस्थेचे दोन कार्यकर्ते माझ्याबरोबर येणार आहेत. त्याच्या झोपण्याची सोय वर्कशॉपबाहेर कुठे होईल, ते पाहायचे आहे.

आमच्या बँकेच्या फॉर्ममध्ये यंत्राच्या विम्याचा रकाना आहे. यंत्रातून निघणारा धूर कुठे जातो, असा रकाना नाही. तो मी छापू शकत नाही. पण आता कोणी यंत्राचे कोटेशन घेऊन टेबलाशी आला, की मी शिक्का उचलण्याआधी एवढेच विचारतो, "धूर जातो कुठे?" काहीजण चिडतात, काहीजण विचारात पडतात. तुमच्या घरातला मुलगा नवीन कामावर लागला, तर पगाराआधी हे एक तेवढे विचारा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

 जयभीम.