नवी गाडी आणि पहिले हजार किलोमीटर

हातातलं काम चालू राहू द्या. आम्ही बोलतो, तुम्ही ऐका.

मागच्या वर्षी आमच्या गटाने गाडी घेतली. मिरवायची मोटार नाही, मालाचा छोटा टेम्पो, ज्याला आपल्याकडे छोटा हत्ती म्हणतात तसला. आमचं गाव सांगोला आणि पंढरपूरच्या मधे. गटात आम्ही अकरा जणी. कडक भाकरी आणि शेंगा चटणी हा आमचा धंदा. भाकरी दुसऱ्याच्या टेम्पोत घातली की शेजारी सिमेंटची पोती, वर कुणाची तरी सायकल. पंढरपूरला डबा उघडला की निम्मा चुरा. वर्षभराचं भाडं आणि चुऱ्याचं नुकसान वहीत मांडलं, तर ते बँकेच्या हप्त्याच्या जवळपास गेलं. तेव्हा ठरलं, आपलीच गाडी घ्यायची.

घेताना काय शिकलो ते आधी सांगतो. शोरूमच्या दारात लिहिलेली किंमत ही खरी किंमत नसते. त्यावर आरटीओचा कर, नोंदणी आणि विमा चढतो. त्याला ऑनरोड किंमत म्हणतात. आम्ही तीच लेखी मागितली, तर कागदावर सीटकव्हर, गाडीला चकाकी देणारा लेप, असलं बरंच निघालं. आम्ही एकेक ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे नाही घेतलं तर चालेल का?" बहुतेक ठिकाणी उत्तर आलं, चालेल. विमासुद्धा शोरूम सांगेल त्याच कंपनीचा घ्यावा अशी सक्ती नाही. दोन ठिकाणचे दर विचारा.

गाडी ताब्यात घ्यायला दिवसाउजेडी जा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी ताडून बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2324 असेल तर टायर 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नव्या गाडीला जुना टायर असेल तर तिथेच बोला. धंद्याची गाडी म्हणून पिवळी पाटी लागते. मालासकट एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला वेगळं परमिट लागत नाही, म्हणून आम्ही त्याच्या आतली घेतली.

आता अडचण आली ती नावाची. आमचा गट म्हणजे नोंदणी केलेली संस्था नाही. मग गाडी कुणाच्या नावावर? कर्ज आणि आरसी बुक आमच्या अध्यक्ष अक्कांच्या नावावर झालं. गाडी अकरा जणींची आहे, असा ठराव आम्ही इतिवृत्तात लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या आणि स्टॅम्पपेपरवर करारही केला. आरसीवर बँकेचा बोजा आहे. कर्ज फिटल्यावर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओत तो बोजा उतरवून घ्यायचा असतो. हप्ते फिटले म्हणजे काम संपलं, असं समजू नका.

गाडी आली, नारळ फुटला, पेढे वाटले. आणि खरी परीक्षा तिथून पुढे सुरू झाली.

आपण गोऱ्हा पहिल्या दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी रिकामं जू, मग हलकं काम, मग औत. नव्या गाडीचंही तसंच. इंजिनाच्या आतले भाग नवे असतात, एकमेकांवर घासून बसायचे असतात. त्या दिवसांत गाडीला जे वळण लागतं ते पुढे टिकतं. आमच्या गाडीच्या पुस्तकात पहिले हजार किलोमीटर जपायला सांगितलं होतं. तुमच्या पुस्तकात आकडा वेगळा असेल. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून देऊ नका, घरातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या.

आम्ही पाळलं ते असं. चालू केल्या केल्या रेस वाढवायची नाही, अर्धा-एक मिनिट थांबून सावकाश निघायचं. माल निम्माच भरायचा. एकाच वेगाने लांबपर्यंत जायचं नाही, वेग थोडा कमी-जास्त करत राहायचा. चढाला वरच्या गिअरमधे रडवत ओढायची नाही, खालचा गिअर टाकायचा. क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही. नवे ब्रेक नीट बसायला वेळ लागतो आणि नवा टायर जरा घसरतो, म्हणून पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवायचं. रोज सकाळी इंजिन थंड असताना ऑइल आणि कूलंट बघायचं. पहिली सर्व्हिस चुकवायची नाही, कारण ती चुकली तर वॉरंटीची भांडणं होतात.

आमच्या मधल्या आळीच्या वहिनी रोज संध्याकाळी मीटरचा आकडा वहीत लिहायच्या. सातव्या दिवशी सकाळी त्या भाकरीचे डबे ठेवायला गेल्या आणि थबकल्या. रात्री आकडा होता 312. सकाळी 486. गाडी रात्रीतून 174 किलोमीटर चालली होती. हौद्यात कांद्याची टरफलं पडली होती.

अक्कांच्या मुलाने किल्ली उचलून, मित्राचा कांदा खच्चून भरून सोलापूरच्या मार्केटला नेला होता. मुलाकडे फक्त शिकाऊ परवाना. बरोबर पक्का लायसनवाला कुणी नाही. रस्त्यात काही झालं असतं तर विम्याचे पैसे अडकले असते, आणि हप्ता मात्र अकरा जणींनी भरला असता.

गावात कुजबुज सुरू झाली. "नावावर त्यांच्याच आहे, मग नेली तर काय झालं?" आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, विषय काढू नका, अक्कांना वाईट वाटेल. पण बैठकीत अक्कांनीच किल्ली मधे ठेवली. म्हणाल्या, "कागदावर माझं नाव लागलं म्हणून गाडी माझ्या घरची झाली नाही. पोरगं चुकलं. वहीत लिहा, आणि भाडं त्याच्याकडून घ्या." कुणीच काही बोललं नाही. मग वहिनींनी लिहिलं, अक्कांनी खाली सही केली. मुलाने दोन हप्त्यांत भाडं दिलं.

मेकॅनिकने ऑइल, पाणी, सगळं तपासलं. म्हणाला, आज तरी काही दिसत नाही, पण असलं नुकसान लगेच दिसत नसतं. ऑइल कमी होतंय का, यावर लक्ष ठेवा. आम्ही अजून ठेवतो.

त्या दिवसापासून किल्ली कुलूपबंद पेटीत असते. पेटीची किल्ली महिन्याला एकीकडे. वहीत नोंद नाही तर गाडी नाही, मग ती अध्यक्षांच्या घरची असो की समन्वयकाच्या.

दुसरं शहाणपण असं आलं की चालवणारा बाहेरचा असेल तर गाडी अर्धीच आपली. म्हणून आमच्यातल्या दोघी शिकायला लागल्या. एकीचं शिक्षण चौथीपर्यंत. पूर्वी धंद्याची गाडी चालवायला आठवी पासची अट होती, ती 2019 मधे काढली. शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. साध्या मोटारीचं, म्हणजे एलएमव्हीचं लायसन असलं तर असा छोटा टेम्पो चालवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मधे स्पष्ट केलं आहे.

पहिल्या दिवशी मैदानात गाडी पाच वेळा बंद पडली. बांधावर बसलेली माणसं हसली. आमची बाई खाली उतरली नाही, सहाव्यांदा चालू केली. आज तीच पंढरपूरला माल नेते. एकादशीच्या गर्दीत मात्र अजून तिच्या हाताला घाम सुटतो, ते ती लपवत नाही.

मैत्रिणींनो, गाडी घ्यायची असेल तर हप्त्याचा हिशेब कराच. पण त्याआधी एका बैठकीत बसून चार गोष्टी लिहून काढा. नाव कुणाचं, किल्ली कुणाकडे, वही कोण लिहील आणि आपल्यातली कोण शिकेल. हे सोपं वाटतं तेव्हाच लिहा. भांडण झाल्यावर लिहायला हात धजत नाही.

आमच्या गाडीचे आता नऊ हजार किलोमीटर झाले. भाकरी अख्खी पोचते. येतो आम्ही, नमस्कार.