हातापायांचे रक्ताभिसरण



हातपाय गार पडतात, मुंग्या येतात, पोटऱ्या दुखतात, अशा तक्रारी घरोघर ऐकू येतात. "वात असेल" म्हणून आपण तेल चोळतो आणि स्वस्थ बसतो. थंडीत बोटे गार पडणे निराळे आणि हृदयाकडून रक्त आणणाऱ्या रोहिण्या अरुंद होणे निराळे.

दुसऱ्या प्रकाराची खूण लक्षात ठेवा. ठराविक अंतर चालले की पोटरी दुखते, थांबले की काही मिनिटांत बरे वाटते, पुन्हा चालले की पुन्हा दुखते. चालताना स्नायूंना जादा रक्त लागते, ते मिळत नाही म्हणून ही कळ येते. पुढे रात्रीही पाय ठणकतो, बोट काळेनिळे पडते, जखम भरत नाही.

तंबाखू, मधुमेह व रक्तदाब ही याची मोठी कारणे. त्यांतही विडीचे नाव आधी घ्यावे लागते. न्यूयॉर्कच्या डॉ. लिओ बर्गर यांनी 1908 साली वर्णन केलेला रोग बहुधा पंचेचाळिशीच्या आतल्या तंबाखू घेणाऱ्यांना होतो. ऐन कमावत्या वयात बोटे, प्रसंगी पाय कापावा लागतो. दिवसाला एक-दोन विड्या चालू ठेवल्या तरी हा रोग पुढे सरकतो. मात्र बोट सडण्यापूर्वी तंबाखू पूर्ण सोडली, तर पाय बहुधा वाचतो. विडीऐवजी मिश्री किंवा गुटखा, ही पळवाट नव्हे.

तपासणी सोपी आहे. डॉक्टर पावलावरची नाडी पाहतात, घोट्याचा व दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. घोट्याचा आकडा दंडाच्या 0.9 पटीहून कमी आला, तर रोहिणीत अडथळा असण्याचा संभव असतो.

बधिर पाय शेगडीवर किंवा गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका. भाजलेले कळत नाही. कुरूप ब्लेडने कापू नका. अनवाणी फिरू नका. वुजूनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि तळवे न्याहाळा. डॉक्टरांनी सांगितल्यास दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला; याने चालण्याची ताकद वाढते. पाय अचानक पांढरा, गार पडून दुखू लागला, तर उद्यावर ढकलू नका. त्याच घटकेला रुग्णालय गाठा.

शेवटी पालकांना एक विनंती. मुलाला विडी आणायला दुकानावर पाठवू नका. 2003 च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे गुन्हा आहेच. पण ती सवय तो दुकानातून नव्हे, घरातून उचलतो. आणि विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर वडिलांना एवढेच विचारा, "अब्बा, चालताना पाय दुखतो का?"