जिभेखालची गाठ
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आज आम्ही एका लहानशा दुखण्याविषयी बोलणार आहोत. ते जिवावर क्वचितच बेतते; परंतु अर्धवट उपचारांमुळे वर्षानुवर्षे पाठ सोडीत नाही.

आपल्या मुखाशी लाळपिंडांच्या तीन मोठ्या जोड्या आहेत : कानापुढे, जबड्याखाली व जिभेखाली. शिवाय ओठ, गाल व टाळू यांच्या अस्तरात शेकडो सूक्ष्म पिंड विखुरलेले असतात. दाताखाली येऊन एखादी लाळनलिका फाटली वा तिचा मार्ग तुंबला, म्हणजे लाळ आतच साचून फुगी येते. ओठावर ती बहुधा वाटाण्याएवढी असते. जिभेखालची मोठी, निळसर व बेडकाच्या फुगलेल्या पोटासारखी दिसते. म्हणून तिला लॅटिन भाषेत 'रॅन्युला', म्हणजे छोटी बेडकी, हे नाव पडले. सुश्रुतसंहितेत जिभेच्या रोगांत सांगितलेली 'उपजिह्विका' ती हीच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

निदानाचा आरंभ प्रश्नांनी होतो. गाठ फुटून पुन्हा भरते काय? जेवताना फुगून दुखते काय? दुखत असल्यास नलिकेत खडा असण्याचा संभव असतो. मग एक बोट तोंडात व दुसऱ्या हाताची बोटे हनुवटीखाली ठेवून गाठ चाचपावी. कधी लाळ मुखतळाच्या स्नायूतील फटीतून मानेत उतरते आणि तोंडात काहीच दिसत नाही. अशा वेळी सोनोग्राफी, प्रसंगी एमआरआय, आणि सुईने काढलेल्या द्रवाची तपासणी उपयोगी पडते.

आता उपचार. सुईने पाणी काढले की गाठ बसते आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. पण बहुधा ती पुन्हा भरते. झरा वाहता ठेवून विहीर कितीही उपसली तरी ती कोरडी कशी व्हावी? ओठावरील फुगी तेथल्या सूक्ष्म पिंडांसह जागा बधिर करून काढता येते. जिभेखालच्या गाठीत मात्र त्या बाजूचा पिंडच काढणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. जिभेला संवेदना देणारा मज्जातंतू व जबड्याखालील पिंडाची नलिका अगदी लगत असल्याने हे काम अनुभवी हातांचे आहे. एक पिंड गेल्याने तोंड कोरडे पडत नाही. इतर पिंड पुरेशी लाळ देतात. तान्ह्या मुलांत मात्र श्वास व दूध पिणे सुरळीत असल्यास काही महिने वाट पाहता येते. काही गाठी आपोआप जिरतात.

मुलीच्या मानेवर व्रण राहील व लग्नास अडचण येईल, या धास्तीने पुष्कळ घरांत ही गाठ लपविली जाते. वास्तविक पिंड सामान्यतः तोंडातूनच काढतात. मानेत उतरलेल्या फुगीतही पुष्कळदा बाहेर छेद घ्यावा लागत नाही.

मात्र प्रत्येक गाठ फुगीच असते असे नाही. टणक व वाढत जाणारी गाठ, अथवा तंबाखू-मिश्रीच्या तोंडातील न भरणारी जखम दिसल्यास एक दिवसही दवडू नये. गाठ लपविण्याची लाज सोडा, तपासून घेण्याची सवय जोडा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.