कान देणारा माणूस



लेझीम थांबली, पण हलगी अजून माझ्या कानात वाजते आहे. बक्षिसांकडे लागलेले तुमचे डोळे मला दिसतात. म्हणून एका माणसाची गोष्ट सांगतो आणि खाली बसतो.

आपल्या हिंगोलीला समुद्र नाही. आपलं पाणी म्हणजे कयाधू, पूर्णा, सिद्धेश्वरचं धरण. तरी आजची गोष्ट देवमाशांची आहे.

तो माणूस म्हणजे देवमाशांचे अभ्यासक रॉजर पेन. ते १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मले. आधी त्यांनी अभ्यास केला घुबडांचा. मिट्ट अंधारात गव्हाणी घुबड उंदीर कसा पकडतं? त्यांनी दाखवून दिलं, की ते कानाने पकडतं.

एकदा पावसाळी रात्री रेडिओवर बातमी लागली, की बॉस्टनजवळच्या किनाऱ्यावर मेलेला देवमासा आलाय. पेन धावत गेले. पाहतात तर छोटा डॉल्फिन. कुणीतरी त्याची शेपटी कापून नेली होती, कुणी अंगावर आपली आद्याक्षरं कोरली होती, कुणी श्वासाच्या भोकात सिगारचं थोटूक खुपसलं होतं. गडाच्या भिंतीवर नावं कोरणारे आपल्याकडेही आहेत, तीच जात! ती रात्र त्यांच्या मनातून गेली नाही, आणि ते देवमाशांकडे वळले. त्या काळी दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त देवमासे मारले जात. त्यांच्या चरबीचं तेल निघे.

१९६७ साली बर्म्युडा बेटावर त्यांना फ्रँक वॉटलिंग्टन भेटले. हे नौदलाच्या कामासाठी समुद्राचे आवाज टिपणारे अभियंते. त्यांत हम्पबॅक जातीच्या देवमाशांचे आवाज सापडले होते. शिकाऱ्यांना त्यांचा उपयोग होईल या भीतीने वॉटलिंग्टन यांनी ते आवाज लपवून ठेवले होते. त्या आवाजांची टेप पेन यांनी पुन्हा पुन्हा ऐकली. मग ध्यानात आलं, की हे नुसतं ओरडणं नाही. ठरावीक तुकडे ठरावीक क्रमाने परत येतात. म्हणजे हे गाणं आहे! गातात ते नर. एका भागातले सगळे एकच गाणं म्हणतात, आणि ते हळूहळू बदलत जातं. आपल्या भजनी मंडळाची चाल बदलते, तसंच.

हे संशोधन १९७१ साली स्कॉट मॅकव्हे यांच्यासोबत प्रसिद्ध झालं. त्याआधीच, १९७० साली, गाण्यांची तबकडी निघाली होती. ज्यांनी देवमासा कधी पाहिला नव्हता, त्यांनी तो घरी बसून ऐकला. १९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांतही ते सूर आहेत. लोकमत फिरलं आणि १९८२ साली व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय झाला. लढणारे अनेक होते, पण लोकांचे कान उघडले ते या गाण्याने.

पेन एका जागी बसले नाहीत. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर बायकोमुलांसह राहिले. डोक्यावरच्या खुणांवरून एकेक देवमासा ओळखायला शिकले. पुस्तक लिहिलं, मोठ्या पडद्यासाठी चित्रपट केला. २००० ते २००५ या काळात त्यांच्या संस्थेच्या जहाजाने जगभरच्या समुद्रांतलं प्रदूषण तपासलं. २०२३ साली ते गेले.

त्याच वर्षी आपल्या गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू अडकलं. लोक त्याच्या अंगावर पाणी ओतत होते, त्याला समुद्रात लोटायला धडपडत होते. ते वाचलं नाही. पण बॉस्टनचा किनारा आठवा आणि हा आठवा.

लेकरांनो, ऐकण्याची गोष्ट आपल्या मातीतलीच आहे. नर्सीचे संत नामदेव औंढ्याच्या नागनाथासमोर कीर्तनाला उभे राहिले, त्यांना देवळामागे जायला सांगितलं, तर देऊळच फिरलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. नागनाथालाही ऐकायचं होतं!

म्हणून सुट्टीत एक काम करा. आजीला जात्यावरची ओवी म्हणायला लावा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. पहिल्यांदा नुसती गुणगुण वाटेल. मग पुन्हा ऐका, तिसऱ्यांदा ऐका. कोणती ओळ फिरून येते, आजी कुठे थांबते, कुणाचं नाव घेते, ते हळूहळू उमगेल. पेन यांनाही असंच उमगलं होतं.

आता बक्षिसं.