डोंगरावरचे मैदान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त बजबज येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणाचा विषय कोणता, असे चिटणिसांनी विचारले तेव्हा 'डोंगरावर गोल्फचे मैदान कसे बांधतात' असे आम्ही सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग अदबीने म्हणाले, "आपण खेळता, हे ठाऊक नव्हते." आम्ही खेळत नाही. शिलाँगला नोकरीत असताना एका वरिष्ठांच्या आग्रहास्तव एकदाच ती काठी हातात धरली होती. त्या वेळी मातीचे ढेकूळ चेंडूहून दूर गेले आणि आमची क्रीडाकारकीर्द तेथेच समाप्त झाली. हा विषय आमच्या घरात शिरला तो खेळाच्या वाटेने नव्हे, एका संमतिपत्राच्या वाटेने. आपल्यापैकी अनेकांच्या गावी चार-सहा एकर वरकस जमीन सामाईक सातबाऱ्यावर पडून असेल. उद्या तसेच एखादे पत्र आपल्याही हाती येईल, म्हणून हे सारे आपणांपुढे मांडण्याचे योजिले.

प्रथम या खेळाची जन्मभूमी पाहू, कारण तिचा आपल्या बजबजशी दुरून का होईना संबंध आहे. हुगळीकाठच्या ज्यूटगिरण्या चालविण्यासाठी स्कॉटलंडमधील डंडी शहरातून माणसे येत. त्या डंडीपासून वीसएक किलोमीटरवर सेंट अँड्र्यूज आहे. तेथे समुद्रकाठच्या वाळूच्या उंचवट्यांवर, मेंढ्यांनी कुरतडलेल्या गवतात हा खेळ वाढला. अठरा होलांचा प्रघातही तेथलाच, १७६४ सालचा. ते मूळ मैदान कोणी एका आराखड्यावरून बांधलेले नाही. वारा, वाळू आणि मेंढ्या यांनी जे केले, त्यात माणसांनी भोके पाडली. गिरण्यांच्याही आधी, १८२९ साली, कलकत्त्यात गोल्फ क्लब निघाला. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना होय. आता तो टॉलीगंजला आहे. तेथे जागा सपाट आणि तळी पुष्कळ. आपल्या शेजारचे बंगाली गृहस्थ घर बांधताना काय करतात ते आपण रोज पाहतो : आधी पुकुर खणतात आणि त्याच्या मातीने घराची भिटी उचलतात. बंगालच्या सपाटीवर मैदान करणाऱ्यालाही हाच मार्ग. उंचवटा हवा असेल तर शेजारी खड्डा हवा. येथे दगड विकत आणावा लागतो. आमचे चिरंजीव सहा वर्षांचे होईपर्यंत दगड म्हणजे रुळांमधली खडी, अशी त्यांची समजूत होती.

डोंगरावर सर्व उलटे होते. उंचसखलपणा फुकट मिळतो आणि सपाटी विकत घ्यावी लागते. ही गोष्ट आम्हांस शिलाँगने शिकवली. तेथील गोल्फ लिंक्सवर पहाटे फिरायला जाण्याचा आमचा तीन वर्षांचा नेम होता. पाइनच्या झाडांमधली ती हिरवी दरी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना अधिक सांगणे नको. १८९८ साली तेथे नऊ होल होते. १९२४ साली कॅप्टन जॅक्सन आणि सी. के. ऱ्होड्स यांनी ते अठरा केले. त्या काळी मातीकाम म्हणजे फावडी, टोपल्या आणि बैल. त्यामुळे डोंगर हलविण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती; जमीन जशी वळते तसे होल वळवीत जाणे एवढेच हाती होते. पहाटे धुक्यातून चालताना आमच्या हळूहळू लक्षात आले की चेंडू जेथून मारायचा तो टी उंचावर, मधला फेअरवे खोलगटात आणि झेंड्याचे ग्रीन समोरच्या चढाच्या आरंभी, अशी रचना वारंवार येते. वरून खाली मारलेला चेंडू हवेत अधिक काळ राहतो, पल्ला वाढतो आणि खेळणारा स्वतःवर खूश होतो. विरळ हवेचीही त्यात भर पडते. पाच हजार फुटांच्या उंचीवर चेंडू सुमारे सहा टक्के अधिक दूर जातो म्हणतात. पण खाली आलेल्या माणसाला पुन्हा वर न्यावे लागतेच. तो चढ आखणाराने लहान लहान होलांमध्ये असा काही वाटून टाकायचा की दमलेल्या माणसाला आपण चढलो हे घरी गेल्यावर कळावे. या क्रमालाच डोंगरी मैदानाची खरी आखणी म्हणतात. गवत आणि वाळू नंतर येते.

आता आमच्या संमतिपत्राकडे वळतो. पुण्याच्या पश्चिमेस, बावधन-लवळे परिसरातील डोंगरांत, या शतकाच्या पहिल्या दशकात ऑक्सफर्ड नावाचे अठरा होलांचे मैदान झाले. आखणी ऑस्ट्रेलियाच्या फिल रायन यांची. लोणावळ्यापलीकडे ॲम्बी व्हॅलीतही एक आहे. मुळशी तालुक्यात आमचे मूळ गाव. तेथील चुलतबंधूंचे गेल्या वर्षी पत्र आले : "दादा, कंपनीची माणसे येऊन गेली. आपल्या सोळा एकरांवर तीन होल आणि काही बंगले येणार आहेत. भाव चांगला देतात. तुमची सही तेवढी राहिली आहे." कंपनीचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. वैशाखात रजा काढून आम्ही गेलो.

डोंगराच्या पायथ्याशी एका तंबूत नकाशा टांगलेला होता. नकाशा दाखविणारा सर्वेक्षक पंचविशीचा, अत्यंत विनयशील मुलगा. त्याने आमच्या वरकशीवर बोट ठेवून सांगितले, "काका, इथे सातवा होल." ज्या उतारावर आमचे आजोबा नाचणी आणि वरई करीत, तो सुमारे पाचास एक असा आहे. महाराष्ट्रातील विकास-नियमांनुसार पाचास एकहून तीव्र डोंगरउतारावर सामान्यतः इमारत उभारता येत नाही. म्हणजे आमची जमीन नियमाच्या अगदी कडेवर बसलेली. हिशेब करण्याची सवय खात्याने लावलेली असल्यामुळे आम्ही तेथेच पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. फेअरवे चाळीस यार्ड रुंद म्हणजे १२० फूट. पाचास एक उतारावर त्याच्या वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत २४ फुटांचा फरक पडतो. अशा जागी चेंडू थांबत नाही, तो थेट ओढ्यात जातो. उतार बारास एक करायचा तर वरच्या काठाला सात फूट खोल छाटून ती माती खालच्या अंगाला भरावी लागेल. होलाची लांबी ४०० यार्ड धरली, तर सुमारे २,५०० ब्रास खोदाई आणि तेवढाच भराव. तीन ब्रासच्या डंपरला आठशेहून अधिक खेपा, आणि हे एका होलाचे! सर्वच होल असे नसतात हे खरे. त्या मुलाने कागद पाहिला आणि म्हणाला, "काका, बरोबर आहे. फक्त ही माती नाही, मुरूम आहे, आणि चार फुटांखाली काळा पाषाण. सुरुंग लावावे लागतील."

मुरमावर गवत धरत नाही. म्हणून वरून पोयट्याचा थर द्यावा लागतो, आणि तो कोठल्या तरी शेतातून येतो. ग्रीनचे प्रकरण तर निराळेच. अमेरिकेत १९६० साली ठरविलेली एक पद्धत जगभर चालते : तळाशी निचऱ्याचे नळ, त्यांवर दहा सेंटिमीटर खडी, त्यावर तीस सेंटिमीटर वाळूमिश्रित थर आणि मग गवत. ते गवत कोणते म्हणाल? आपली हरळी! गणपतीला आपण ज्या एकवीस दूर्वा वाहतो, तिचाच आफ्रिकेतील एका जातीशी संकर अमेरिकेतील टिफ्टन येथे केला गेला आणि उष्ण देशांतली पुष्कळ मैदाने आता त्या संकराने हिरवी असतात. ग्रीनवर ती चारएक मिलिमीटर उंचीवर रोज कातरतात. आमच्या वहिनी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, हरळी शेतातून काढता काढता आमचे हात गेले, आणि हे लोक पैसे घालून लावतात?"

मग आम्ही पाण्याविषयी विचारले. साठ एकर हिरवळीला उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले, तर दिवसाला बारा लाख लिटर होते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसाला रोजचे ५५ लिटर धरले आहेत. त्या मापाने हे पाणी बावीस हजार माणसांचे झाले. मुलाने प्रामाणिकपणे उत्तर दिले : पावसाळ्यात तळे भरून घेऊ, बंगल्यांचे सांडपाणी शुद्ध करून वापरू, आणि ग्रीन व टी सोडल्यास बाकीचे गवत उन्हाळ्यात पिवळे पडू देऊ. हे तिन्ही उपाय खरे आहेत, आणि चांगले आखणारे ते करतातही. पण नकाशावर सातव्या होलाच्या डाव्या अंगाला एक निळा ठिपका होता, त्यावर आमची नजर अडकली. त्या जागी आमचा झरा आहे. ज्येष्ठ लागेपर्यंत त्याला पाणी असते आणि खालची वाडी त्यावर जगते. नकाशात त्याची 'पाण्याचा अडथळा' अशी नोंद होती.

एक गोष्ट येथे स्पष्ट करतो, कारण अशा प्रसंगी आपण परगावी राहणारी माणसे फार लवकर हळवी होतो. डोंगराला हात लावणे पाप आहे, असे आमचे मत नाही. आपल्या पूर्वजांनी डोंगर भरपूर फोडले. गडावर पाण्याची टाकी खोदायची आणि त्यातून निघालेल्या दगडाचा तट बांधायचा, ही खोदाई-भरावाची जमाखर्चाची वही त्यांनी उत्तम ठेवली. राजगडाची संजीवनी माची पाहावी. सोंड जशी वळते तसा तट वळतो, आणि पाणी कोठे मुरते ते आधी पाहूनच टाकी खोदलेली असतात. भराव टाकून तो बारमाही भिजवीत ठेवण्याचे काम मात्र त्यांनी केले नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यात माळीण गाव अतिवृष्टीने ढासळलेल्या डोंगराखाली गेले, दीडशेच्या आसपास माणसे दगावली. तेथे गोल्फचे मैदान नव्हते, हे सांगायला हवे. पण पाण्याने जड झालेली माती उतारावर काय करते, ते त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. झऱ्याच्या तोंडावर बारा-पंधरा फूट भराव पडला, तर ते पाणी आत कोंडेल किंवा दुसरीकडून फुटेल. त्यासाठी भरावाखाली निचऱ्याची व्यवस्था आहे का, असे आम्ही विचारले. मुलगा म्हणाला, "ग्रीनखाली आहे. झऱ्याचं वरच्या साहेबांना विचारतो."

रात्री ओसरीवर बंधूंशी बोलणे झाले. ते आम्हांस टोचले, ते जसेच्या तसे सांगतो. "दादा, तुम्ही दोन हजार किलोमीटरवर राहता. तुमचा पगार आहे, पुढे पेन्शन आहे. तुम्हाला झरा दिसतो. मला पोराची फी दिसते. या वरकशीनं मागल्या दहा वर्षांत काय दिलं ते विचारा." आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही या जमिनीवर एक दिवसही राबलेलो नाही. बजबजच्या तेलाच्या टाक्यांच्या सावलीत बसून सह्याद्रीवर प्रेम करणे स्वस्त असते, आणि त्या रात्री ते फारच स्वस्त वाटले. वहिनी काही बोलल्या नाहीत. पहाटे कळशी घेऊन झऱ्यावर गेल्या.

अखेर आम्ही वाटणी मागितली. बंधूंना हे प्रथम रुचले नाही. परक्यासारखे झाले, असे ते म्हणाले. सोळा एकरांपैकी बारा त्यांचे. ते त्यांनी कोणाला द्यावेत यात आम्ही पडणार नाही. झरा आणि त्याच्या वरचा उतार असे चार एकर आमच्या नावे. जमीन सर्वांत वाईट, म्हणून तिचा भावही सर्वांत कमी. त्या चार एकरांवर आम्ही सही केली नाही. कंपनीला पत्र लिहिले की ग्रीन साठ-सत्तर पावले खाली घेतल्यास होल आखूड होईल पण मोडणार नाही. शिलाँगला आखूड होलांनी कोणाची प्रतिष्ठा गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही. पत्राची पोच आली, उत्तर आले नाही. घरच्या मंडळींच्या मते आम्ही मुलाच्या शिक्षणाचे पैसे एका झऱ्यात घातले. चिरंजीव तूर्त तटस्थ आहेत.

मागल्या आठवड्यात बंधूंचा फोन आला. पहिला हप्ता मिळाला, पोराची फी भरली. यंदाही झरा ज्येष्ठापर्यंत टिकला. आणि कंपनीच्या माणसांनी नवे खुंटे ठोकले आहेत, लाल फडक्यांचे, झऱ्यापासून बरेच खाली, त्यांच्याच हद्दीत. ते ग्रीनचे आहेत की रस्त्याचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. तो सर्वेक्षक मुलगा आता तेथे नाही, दुसऱ्या कामावर गेला. दिवाळीच्या रजेत आम्ही जाणार आहोत. त्या वेळी पावले मोजून पाहू.