कापसाच्या जिल्ह्यात जॅझ



यवतमाळला संमेलने नवी नाहीत. १९७३ साली गदिमांच्या आणि २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच भरले. ग्रंथालये व व्याख्यानमाला चालवणाऱ्यांच्या आपल्या संमेलनात यंदाच्या मुख्य परिसंवादाला ‘जॅझचा इतिहास’ हा विषय ठेवला, तेव्हा कापसाच्या जिल्ह्यात जॅझ कशाला, असे काहींनी विचारले. कापसाचा जिल्हा आहे म्हणूनच, हे माझे उत्तर.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. तिथल्या दक्षिणेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव कोसळला. तिकडे गुलामगिरी कायद्याने संपली. पण मिसिसिपीच्या शेतांत राबणारा कृष्णवर्णीय वाटेकरी दुकानदाराच्या उधारीत अडकला. हंगामाअखेर हिशेब झाला की हाती काही उरत नसे. हे दुखणे यवतमाळकराला कोणी समजावून सांगायला नको. त्या शेतांतल्या आरोळ्या, कामाची गाणी आणि चर्चमधली भजने यांतून ब्लूज आले. एकाने हाक द्यायची, घोळक्याने उचलायची. आपल्या भजनी मंडळांत आणि पुसद-दिग्रसकडच्या बंजारा तांड्यांवर होळीच्या लेंगी गीतांत वेगळे काय होते? हे ब्लूज न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर वाजणाऱ्या बँडना भेटले आणि जॅझ उभे राहिले.

त्याच शहरात १९०१ साली लुई आर्मस्ट्राँग जन्मला. गरिबीत वाढलेला हा मुलगा सुधारगृहातल्या बँडमध्ये कॉर्नेट शिकला. त्याचे १९२८ सालचे ‘वेस्ट एंड ब्लूज’ सुरू होते ते एकट्या ट्रम्पेटवर. साथ नाही, ठेका नाही. आधी चार ठाम सूर. मग तो वर चढतो, तिथून झरझर खाली येतो, आणि त्यानंतर बँड संथपणे सोबतीला येतो. सगळा मामला जेमतेम पंधरा सेकंदांचा. ज्याने ख्याल मन लावून ऐकला आहे त्याला त्यातल्या जागा लगेच कळतील. व्याख्यात्यांना माझी कळकळीची विनंती आहे: सनावळी सांगण्याआधी हे ऐकवा. एका साध्या स्पीकरवर भागते.

हे संगीत भारतात आले त्यालाही आता बराच काळ लोटला. १९३५ साली अमेरिकन वादक लिऑन अ‍ॅबी आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. आपली शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरपर्यंत कापसाच्या गाठी वाहून नेत होती, तो काळ. कापूस मुंबईला पोचत होता. तिथले हे संगीत मात्र श्रीमंतांच्या नाचघरातच राहिले. आपल्याकडे ते आले सिनेमातून, आणि ते आणले गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेली ही माणसे रात्री हॉटेलांत वाजवत आणि दिवसा रेकॉर्डिंगला जात. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, त्यांपैकी एक. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतात त्यांचा मोठा हात आहे, आणि पडद्यावर नाचणारे भगवानदादा तर आपल्या अमरावतीत जन्मलेले. गाणी घराघरांत गेली, वादक मागे राहिले. अँथनी गोन्साल्विस हे नाव आपण १९७७ पासून सिनेमाच्या गाण्यातून गुणगुणतो. ते संगीतकार प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून माझी मागणी आहे की, प्रत्येक ग्रंथालयाने वर्षातली एक संध्याकाळ या इतिहासाला द्यावी, आणि ती विनामूल्य द्यावी. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून मराठी माणसाला ज्ञान ऐकण्याची सवय आहे. तिकीट लावले की तेच ते पन्नास लोक येतात. दार उघडे असले तर बाजारहाट करून घरी निघालेला माणूसही पाच मिनिटे टेकतो आणि तासभर बसतो. खर्च गावाने वर्गणीतून उचलावा. गणपतीला उचलतोच की.

या विषयावर बोलण्याचा आणखी काही मंडळींचा हक्क मोठा आहे. आपल्या लग्नांच्या वरातीत ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट वाजवणारे बँडवाले. न्यू ऑर्लिन्सच्या वादकांचीही हीच वाद्ये होती, आणि त्यांनाही मान फार उशिरा मिळाला. आपल्याकडे हा वादक उन्हातान्हात कोसभर वाजवत चालतो आणि पंगतीला शेवटी बसतो. इथे तसे होणार नाही. जिल्ह्यातल्या बँडमधील कलावंतांना आम्ही रीतसर निमंत्रण दिले आहे, पत्रिकेत त्यांची नावे छापली आहेत आणि पहिली रांग त्यांच्यासाठी राखली आहे. परिसंवादानंतर प्रश्नोत्तरे होतील, तेव्हा पहिला प्रश्न त्यांच्यापैकी कोणी तरी विचारावा, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे.