मुक्कामाचं गाव : स्वागताध्यक्षीय भाषण



पुस्तकं, ग्रंथालयं आणि प्रवास हा आपल्या संमेलनाचा विषय. त्यावर अध्यक्ष बोलतीलच. मी गावाबद्दल बोलणार. कार्यवाहांनी मला दहाच मिनिटं दिली आहेत आणि गाव जुनं आहे.

फलटण म्हणजे सईबाईंचं माहेर, एवढं सर्वांना ठाऊक असतं. नाईक निंबाळकरांचा राजवाडा, श्रीराम मंदिर, जबरेश्वर हे उद्या पाहालच. पण विषय प्रवासाचा, म्हणून आमच्या आद्य प्रवाशाचं नाव आधी घेतो. महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी श्रीचक्रपाणी हे इथले. घर सोडून ते माहूरला गेले, तिथून द्वारकेला, आणि हाती खराटा नि सूप घेऊन त्यांनी तिथल्या वाटा झाडल्या. त्यांच्या पंथाने मराठीला ‘लीळाचरित्र’ दिलं, तशी ‘स्थानपोथी’ही दिली. चक्रधरस्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात राहिले, त्या जागांची ही नोंद. मराठीतलं पहिलं प्रवासी मार्गदर्शक तेच, असं माझं मत आहे. विद्वानांनी हरकत चहाच्या वेळी घ्यावी.

माउलींची पालखी आषाढी वारीला दरवर्षी इथे मुक्कामी असते. त्या वाटेवर चालून इरावती कर्व्यांनी ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख लिहिला, दि. बा. मोकाशींनी ‘पालखी’ लिहिलं. आणि इरावतीबाईंच्या दोन्ही लेकी पुढे आमच्याच झाल्या. कादंबरीकार जाई निंबकर फलटणला, गौरी देशपांडे जवळच्या विंचुर्णीला. जग हिंडलेल्या, ‘अरेबियन नाइट्स’चे १६ खंड मराठीत आणणाऱ्या गौरीबाईंनी घर थाटलं ते आमच्या माळावर. ‘विंचुर्णीचे धडे’ हे त्यांच्या पुस्तकाचं नाव. आज एसटी स्टँडवर विंचुर्णी विचारा. लोक रस्ता बिनचूक सांगतील, पुस्तकाचं नाव मात्र क्वचित कुणी सांगेल. याची मला लाज वाटते, म्हणून जरा लांबलो.

मॅक्सीन बर्नसन तर थेट अमेरिकेतून आल्या. फलटणच्या बोलीवर त्यांनी डॉक्टरेट केली, १९७८ साली भारताचं नागरिकत्व घेतलं आणि १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली. संस्थेच्या कमला निंबकर बालभवनात मुलं मराठीतून शिकतात. कपाटं आणि इमारतीआधी ग्रंथालयाला वाचता येणारं मूल लागतं, हे आम्हाला बाहेरून आलेल्या बाईंनी दाखवलं.

आता क्षमायाचना. पालखीला लाखो वारकरी येतात आणि सगळं पार पडतं. तुम्ही काही शे मंडळी, तर आमची तारांबळ! वारकरी तंबू नि भांडी स्वतः आणतात, हे आमच्या ध्यानात उशिरा आलं. शाळेच्या वर्गांत गाद्या कमी पडल्या आहेत, सकाळी गरम पाणी रांगेने मिळेल, ध्वनिक्षेपकाची कुरकुर तुम्ही ऐकतच आहात. रेल्वे आमच्याकडे २०१९ मध्ये आली. परतीचं वेळापत्रक पाहूनच निघा.

वर्ग मोकळे करून देणारे मुख्याध्यापक, उधारीवर मंडप घालणारे मंडपवाले, डाळिंबं पाठवणारे बागायतदार, दुधाचे पैसे न घेणारे गवळी, दोन दिवस भाकऱ्या थापणाऱ्या महिला मंडळाच्या भगिनी, सर्वांचे आभार. बाजारपेठेतल्या काही व्यापाऱ्यांनी पावती फाडताना ‘नाव छापू नका’ म्हटलं, काहींनी ‘छापाच’ म्हटलं. दोघांचेही पैसे सारखेच उपयोगी पडले. दुसऱ्यांची यादी फाटकाजवळच्या फलकावर आहे, ती जाता-येता अवश्य वाचावी.

एक मागणं आहे. घरी पोचल्यावर प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक प्रवासवर्णन आमच्या तालुक्यातल्या एखाद्या गावच्या वाचनालयाला पाठवावं. पत्ते नोंदणीच्या टेबलावर मिळतील. जुन्या डायऱ्या आणि गेल्या वर्षीची पाठ्यपुस्तकं कृपया पाठवू नयेत. ती आमच्याकडे भरपूर आहेत.